सागवानी डेकचा कस

माणूस जमिनीपासून जेवढा वर उठतो, तेवढीच त्याची संस्कृती. या मापानं विट्याजवळचं आमचं गाव कालपर्यंत सव्वा फूट सुसंस्कृत होतं.

हे श्रेय आकारामशेठचं. तीस वर्षं कोइमतूरला सोन्याची गलाई, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचा धंदा, करून ते गावी परतले. आई सुलाबाई गुडघ्यांनी बेजार. डॉक्टर म्हणाले, सकाळचं ऊन द्या. शेठनी त्यासाठी दारात बारा बाय दहाचा, सव्वा फूट उंच सागवानी डेक बांधला. (डेक म्हणजे लाकडी ओटा. पण ओटा बघायला विट्याहून पाहुणे येत नाहीत.) आता त्यावर तेल, व्हार्निश की पॉलिश, एवढंच ठरायचं होतं. ठरेपर्यंत डेकवर पाय ठेवायला सर्वांना मनाई झाली. सर्वांत सुलाबाईही आल्या. त्या गोठ्यामागं सावलीत बसू लागल्या.

समिती नेमली: शेठ, एक निवृत्त सुभेदार आणि मी. मतं पडली तेलाला एक, व्हार्निशला एक, पॉलिशला एक. एकमत फक्त चहावर.

शेठ म्हणाले, "तपासल्याबिगर गलाईवाला काय घेत न्हाई." त्यांनी तेल लावलेला तुकडा कसोटीच्या दगडावर घासला, वजन केलं, मुशीत घातला आणि भट्टीत ठेवला. घट शंभर टक्के. अहवालात नोंद झाली: 'तेल अशुद्ध.' व्हार्निशची घटही तेवढीच (धूर मात्र उंची). पॉलिशनंही परंपरा राखली.

चूक एकदाच तपासून चालत नाही, म्हणून फेरतपासण्या झाल्या. नमुने खात्रीचे हवेत, म्हणून ते डेकच्याच कडेनं कापले जात.

"आकाराम, हिवाळा संपला की रं," सुलाबाई म्हणाल्या.

"आई, रिपोर्ट येऊ दे."

"त्यो बी उन्हाची वाट बघतोय व्हय?"

नवव्या महिन्यात डेक दीड बाय एक उरला. समितीनं समाधान व्यक्त केलं. एवढ्याशा जागेला रंग निवडणं फारच सोपं.

हसू नका. तुमचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे आणि शोकेसमधल्या कपांतून घरच्या कुणी चहा प्यायलेला नाही.

काल तो शेवटचा तुकडा घेऊन मी भट्टीकडं निघालो, तर सुलाबाईंनी गोठ्यामागून हाक मारली.

"आवं भाऊजी, जाळायच्या आधी तेवढं लाकूड घटकाभर उन्हात ठिवता का? जरा टेकते."