कप्तान घाटेंची न सुटलेली ड्युटी

आमच्या गल्लीत स्कूटरचा हॉर्न तीनदा वाजला की न बघता समजायचं, कप्तान घाटे गाडी मागे घेऊन राहिले. जहाज मागे सरकायला लागलं की तीन छोटे भोंगे द्यायचे, असा समुद्राचा कायदा. समुद्र आमच्या रायपूरहून रात्रभराच्या गाडीवर, विशाखापट्टणमला. पण कायदा तो कायदा. उजवीकडे वळताना एक भोंगा, डावीकडे दोन, आणि समोरच्याचा इरादा कळत नसेल तर पाच. पुरानी बस्तीत इरादा कळेल असा प्राणी विरळाच. एकदा चौकात गाय आडवी बसली. कप्तानांनी पाच भोंगे दिले, थांबले, पुन्हा पाच दिले. मागचा रिक्षावाला म्हणाला, "कप्तान साहब, बाजू से निकाल लो ना."

"पहले उसका इरादा बताओ."

"इरादा तो उसको भी नहीं मालूम, साहब."

कप्तान गाडी बंद करून उभे राहिले. गाय उठली तेव्हाच वाहतूक सुटली.

घाटे घराणं नागपूरकर भोसल्यांच्या राज्यापासून इथलं. जन्म गल्लीतला, नोकरी मात्र मालवाहू जहाजांवर. कोळसा, लोखंडाची माती, गहू असं काय काय जगभर पोचवलं त्यांनी. मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहतो. नामदेव ढोबळे, गाव वरूडकडचं, शाळा चौथीपर्यंत, हाडं रेल्वेच्या मालधक्क्यावर झिजवली. आमची दोस्ती जमली ती डेमरेज या एका शब्दावर. वॅगन वेळेत रिकामी झाली नाही की व्यापाऱ्याला दंड बसतो, त्याचं नाव डेमरेज. जहाजालाही तेच नाव आहे हे मला माहीत नव्हतं. ते ऐकल्यावर मी त्यांना खुर्ची दिली, आणि मग ती त्यांचीच झाली.

रोज संध्याकाळी यायचे. दारातच सांगायचे, "जहाज धक्क्याला लागलं. मी तयार आहे." म्हणजे इथून पुढचा वेळ आमच्या खात्यात. चहाला उशीर झाला की आत आवाज, "वहिनी, डेमरेज." दंड ठरलेला, एक चकली जास्त. माझी बायको शेवंता मुद्दाम उशीर करायची. मला तशी चकली कधी मिळाली नाही.

चहा आला की कपाखाली ओलं फडकं घालायचे. जहाज हेलकावे खातं तेव्हा ओल्या कापडावरून भांडं घसरत नाही म्हणे. शेवंता हसायची. "कप्तानभाऊ, आमचं घर हालत नाही."

"आज नाही हालत, वहिनी. अंदाजावर जहाज चालत नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून दहादा. शाळेच्या ऑटोच्या चाकावरच्या पत्र्यावर त्यांनी खडूने रेघ मारली होती, जहाजाला भाराची रेघ असते तशी. पोरं कोंबून पत्रा त्या रेघेपर्यंत चाकावर बसला की ऑटो गल्लीतून हलू द्यायचे नाहीत, स्वतः आडवे उभे राहायचे. ऑटोवाला शिव्या घालायचा आणि दोन पोट्टे उतरवायचा. रायपूर राजधानी झाल्यावर तेलीबांध्याच्या तलावाकाठी रस्ता सजवला, लोक त्याला मरीन ड्राइव्ह म्हणायला लागले. कप्तान एकदा बघून आले. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "दिवे चांगले आहेत. समुद्राला अजून कळवलेलं नाही."

मग शेवंता अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो. तिने रडारड केली नाही. एकच गोष्ट मागितली. "मले एकटीले टाकू नका. जाईन तवा खोलीत कोणी पायजे."

पोरगा बंगलोरला. आला, आठवडाभर राहिला, नोकरीसाठी परत गेला. मी एकटा. दिवसरात्र तिच्या खाटेपाशी बसून माझी मान पडायला लागली. एका दुपारी तिच्यासमोर बसल्या बसल्या झोपलो आणि स्टुलावरून खाली पडलो. आवाज ऐकून कप्तान आले. मला उठवलं, दोघांकडे पाहिलं, घरी गेले आणि आपली उशी घेऊन परत आले.

"ढोबळे, एका माणसाने जहाज चालत नाही. झोपलेल्या माणसाने तर नाहीच. आजपासून वॉच लागला."

वॉच म्हणजे पहाऱ्याची ड्युटी. चार तास ते, चार तास मी. त्यात पेपर वाचायचा नाही, मोबाइल नाही, डुलकी नाही. नजर शेवंतावर. ती वैतागायची. "काहून असे पाहून राहिले, कप्तानभाऊ? मी काय खडक आहो?"

"नाही वहिनी, तुम्ही जहाज. खडक तो ढोबळे."

ती इतकी हसली की खोकला लागला, आणि मी दोघांना शिव्या दिल्या.

ड्युटी बदलायची त्यांची रीत होती. आधी अहवाल द्यायचे. "पाणी चार चमचे घेतलं. पंखा दोन नंबरवर. तुम्हाला आळशी म्हणाल्या, म्हणजे ताकद आहे." मग मी तोंडाने म्हणायचं, "वॉच घेतला." ते ऐकल्याशिवाय खुर्ची सोडायचे नाहीत. मी म्हणायचो, "हव हव, जा आता." ते हलायचे नाहीत. "हव म्हणजे काय? घेतला की नाही? दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय, आणि जहाज लागतं खडकाला." मग मी ओरडून म्हणायचो, "घेतला, बाबा, घेतला."

एकदा ते जेवायला गेल्यावर शेवंता मला म्हणाली, "तो माणूस माझ्यासाठी नाही बसून राहिला."

त्यांची बायको गेली ते मला माहीत होतं. कशी गेली ते त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, शेवंताला सांगितलं होतं. बायको गेली तेव्हा हे भर समुद्रात, कोळसा घेऊन. जहाज वळवायची सोय नाही. माल एकाचा, भाडं दुसऱ्याचं, जहाज तिसऱ्याचं, आणि कप्तानाच्या बायकोसाठी कुणी वाट वाकडी करत नाही. घरी पोचले तेव्हा तेरावं उरकलं होतं. त्या दिवशी खोलीत कोण होतं, कुणी होतं का, हे त्यांनी आजवर कुणाला विचारलं नाही.

"तुम्हीबी विचारू नका," शेवंता म्हणाली. मी विचारलं नाही.

शेवंता गेली ती दुपारी, कप्तानांच्या ड्युटीत. मी पुढच्या खोलीत पडलो होतो. हाक आली, "ढोबळे, या." आवाज रोजचाच. मी गेलो. तिचा हात त्यांच्या हातात होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला, मग उठून खुर्चीमागे ताठ उभे राहिले आणि अहवाल दिला.

"पाणी घेतलं. तुमचं नाव घेतलं, मी हाक मारतो म्हणालो, तर म्हणाल्या झोपू द्या त्यायले. मग शांत झाल्या. एकट्या नव्हत्या, ढोबळे. एक क्षणही नाही."

आणि थांबले, मी "वॉच घेतला" म्हणायची वाट बघत. मी शेवंताचा हात धरून खाटेपाशी बसलो. शेजारीपाजारी आले, बाया आल्या, तिला नेलं. आम्ही परत आलो. पाहतो तर कप्तान आंघोळ करून पुन्हा त्या खुर्चीमागे उभे. मी म्हणालो, "बसा." ते बसले.

तेव्हापासून रोज येतात. जेवणापुरतं घरी जायचं, मग रिकाम्या खाटेशेजारी त्याच खुर्चीत. चहा आता मी करतो, वाईट होतो, डेमरेज कुणी मागत नाही. फडकं मीच ओलं करून दोन्ही कपांखाली घालतो.

पोरगा फोनवर म्हणतो, "बाबा, अंकल को बोल दो ना, अब आराम करें. कब तक आएँगे?" मी म्हणतो, पाहू.

संध्याकाळी निघताना ते खुर्चीमागे उभे राहतात. पंखा कितीवर आहे ते सांगतात, खिडकी लावली ते सांगतात, आणि माझ्याकडे बघतात. मी म्हणतो, "भाजी काय केली तुमच्याकडं?" ते म्हणतात, "वांगं. वॉच अजून माझ्याकडेच आहे, ढोबळे. जेवून येतो."

दोन शब्द आहेत. मी ते म्हणालो की त्यांची ड्युटी सुटली. मग नियमाने त्यांना घरी जावं लागेल, आणि त्या घरात कुणी नाही. मी शाळा शिकलो नाही, पण एवढं मला कळतं. त्यांनाही कळतं, नाहीतर ते असे रोज थांबले नसते.

मी म्हणणार नाही.