वाकडी रेघ अनिवार्य

सन १९७६ मध्ये साताऱ्याच्या सरकारी कचेरीतल्या वरिष्ठांना अशी जाणीव झाली, की खेड्यातली माणसं आपल्या नात्यांबाबत अडाणी आहेत. मेहुणा कोण, मावशी कोण एवढं त्यांना कळतं. पण नात्याचा नकाशा त्यांच्याकडे नसतो. सबब कोरेगावात कुटुंबालेख-वाचनाचा वर्ग भरला. रहिमतपूरहून महिला कार्यकर्ती बनाबाई एसटीने आल्या. प्रमाणपत्र मिळालं तरच नोकरी टिकणार होती.

प्रशिक्षक लालासाहेबांनी भिंतीवर विलायतेतल्या एका नामांकित पेढीवाल्या घराण्याचा आलेख टांगला. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, दुहेरी रेघ म्हणजे जिव्हाळा, वाकडी रेघ म्हणजे वैर. वाकड्या रेघा इतक्या, की कागदावर कुणी शेवया वाळत घातल्यात असं वाटावं.

"आगं बया! पेढ्यांवरनं एवढं वाकडं?" बनाबाई म्हणाल्या. "आमच्या साताऱ्यात काय कमी पेढेवाले हायती?"

"पेढे नव्हे बाई, पेढी! सावकारी! पैसा!"

"आस्सं. मग रेघा कमीच हायत्या."

दुपारी प्रत्येकीने आपापल्या घरचा आलेख काढला. बनाबाईंच्या घरी दोन भाऊ, दोन जावा आणि चूल एक. त्यांनी सगळीकडे दुहेरी रेघा ओढल्या. थोरल्या जाऊबाई हरणाबाईंची तर दोनदा गिरवली. दोघी चतुर्थीला चंद्राची वाट बघत अंगणात बसायच्या आणि एकाच ताटात उपास सोडायच्या.

लालासाहेबांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"यात वाकडी रेघ नाही."

"वाकडं न्हाईच, सायेब."

"एवढ्या मोठ्या घराण्यात आहे, आणि तुमच्यात नाही? ज्या अर्थी दिसत नाही, त्या अर्थी तुम्ही दडवताय. आलेख अपूर्ण. सोमवारी घरी पडताळणीला येतो, तोवर वाकडी रेघ तयार ठेवा."

बनाबाई रडकं तोंड करून घरी आल्या. हरणाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आगं, माझ्यावर घाल की! कागदावर वाकडं झालं म्हून काय खरं वाकडं हुतंय व्हय?"

बनाबाईंनी दुहेरी रेघ खोडली, पेन्सिलीला टोक केलं आणि वाकडी ओढली. महिरपीसारखी, सुबक. हरणाबाई भाकरी तव्यावर टाकून बघायला आल्या, आणि बघतच राहिल्या.

"लय झ्याक आली की गं."

"व्हय, आली खरी."

"खोडलेली दिसतीया अजून. ती दोनदा गिरवावी लागली. आनि ही एका दमात?"

"अक्का, नुसता कागद हाय."

"मनात असल्याबिगार हात असा पळत न्हाई, बने."

"आनि तुमच्या मनात नसतं, तर तुमाला ते दिसलं असतं व्हय?"

भाकरी करपली. ती कुणामुळे करपली यावर शेजारच्या शालूबाईंनाही मत द्यावं लागलं. त्या ओघात लग्नातल्या पातळाचा रंग निघाला, मग माहेरं निघाली. नवरे समजूत घालायला आले आणि आपसांत जुंपून बसले. चतुर्थीला चंद्र एकच उगवला. ताटं दोन लागली. रविवारी परसात दुसरी चूल मांडली गेली.

सोमवारी लालासाहेबांनी दोन्ही चुलींचा धूर डोळ्यांनी पाहिला आणि ते प्रसन्न झाले.

"शाबास! आलेख वस्तुस्थितीशी तंतोतंत जुळतो. तुमची नोकरी पक्की."

"सायेब, आता ती रेघ खोडली तर चालंल का?"

"खोडा की. फक्त जिव्हाळ्याचा पुरावा जोडावा लागेल."

तुम्ही हसलात. हसा बापडे. पण लालासाहेब खुणा सांगत होते, तेव्हाच तुम्ही मनातल्या मनात आपल्या घरचे गोल-चौकोन मांडलेत. दुहेरी रेघ कुणाला द्यावी, याचा तुमचा विचार अजून चाललाय. वाकडी मात्र केव्हाच ओढून झाली.