सुपरचार्जरला झेंडूची माळ

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे वाचल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही! डिग्री खरी आहे, हॉलमध्ये फ्रेम करून लावलीय. नोकरी मात्र विमा कंपनीत लागली. त्यामुळे कॉलेज सोडल्यापासून माझा संबंध आला तो फक्त ठोकलेल्या गाड्यांच्या फोटोंशी. पण इंजिनिअर एकदा माणसाच्या आत शिरला की बाहेर पडत नाही. तो आत उपाशी बसून राहतो आणि खायला काय मिळतंय याची वाट बघतो. गेल्या गणपतीत त्याला आमची स्कूटर मिळाली.

ही स्कूटर साधीसुधी नाही. माझ्या बायकोने, उत्तराने, लग्नाआधी आपल्या पहिल्या पगारात बुक केलेली ही गाडी. हे मी मुलुंडमध्ये भेटेल त्याला सांगतो. पेट्रोल भरणाऱ्याला सांगतो, सिग्नलला शेजारी थांबलेल्याला सांगतो. "बायकोच्या पहिल्या पगाराची आहे, काय समजलात!" सांगताना माझी छाती फुगते, आणि मागे बसलेली उत्तरा गालातल्या गालात हसते. एवढ्यावर आमची कितीतरी वर्षं छान गेली. संसार बहुतेक अशाच एखाद्या ठरलेल्या वाक्यावर चालत असावा. वाक्य कोणी तपासून बघत नाही, आणि ते बरंच असतं.

आता अडचण एकच होती. उत्तराचा मोठा भाऊ मुकुल पवईला राहतो, आणि तोही टेकडीवर. दर दसऱ्याला आम्ही त्याच्याकडे सोनं द्यायला जातो. सपाट रस्त्यावर स्कूटरला काही म्हणजे काही होत नाही. मुकुलच्या सोसायटीचा चढ लागला की मात्र ती खोकायला लागते. मग उत्तरा खाली उतरते, पिशवी सांभाळत चढ चढते आणि मी वर गेटपाशी तिची वाट बघतो. आणि मुकुल हे सगळं बाल्कनीतून बघत असतो!

गेल्या गणपतीत त्याच्याकडच्या आरतीनंतर भरल्या घरात मुकुल म्हणाला, "यज्ञेश, ती स्कूटर आता भंगारात दे रे. माझी जुनी गाडी पडून आहे. एसी झकास चालतो. घेऊन जा."

"भंगारात?" माझ्या हातातला मोदक थांबला. "तुझ्या बहिणीच्या पहिल्या पगाराची आहे ती!"

"असू दे ना. चढावर बहिणीला उतरवतोस ते चालतं?"

सगळे हसले. उत्तरा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत मला स्पष्ट दिसलं की स्कूटर गेली तर हिचं काळीज तुटेल.

"ठरलं!" मी उठून उभा राहिलो. "या दसऱ्याला आम्ही दोघं बसून, न उतरता, तुझ्या गेटपर्यंत येणार. आलो तर तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस."

"आणि नाही आलात तर?"

"तर स्कूटर भंगारात, आणि तुझी गाडी आमच्या दारात."

घरी येताना उत्तरा एक शब्द बोलली नाही. दुःखात माणूस गप्पच होतो, असं मी मनाशी म्हटलं आणि कामाला लागलो.

माझा विचार अगदी शास्त्रशुद्ध होता. इंजिनाला हवा जास्त मिळाली की पेट्रोल जास्त जळतं, आणि ताकद वाढते. मोठ्या गाड्यांमध्ये हवा जोरात कोंबायला एक यंत्र असतं, त्याला सुपरचार्जर म्हणतात. मग स्कूटरने काय पाप केलंय? आमच्या घरात हवा फेकणारं एक यंत्र होतंच. व्हॅक्युम क्लीनर!

तळमजल्यावरचे रोझारिओ लगेच सामील झाले. विमानतळावर सामानाच्या गाड्या ओढणारे ट्रॅक्टर चालवून ते निवृत्त झालेले. घरी बसून कंटाळले होते, आणि कंटाळलेल्या माणसाइतका चांगला मदतनीस दुसरा नसतो.

"अरे मेन, विमान करून टाकू हिचं!" ते म्हणाले आणि त्यांनी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड बाहेर सोडला.

व्हॅक्युम क्लीनर पायांजवळ ठेवून, त्याच्या हवा बाहेर फेकणाऱ्या तोंडाला लावलेला पाइप आम्ही स्कूटरच्या एअर फिल्टरला जोडला. स्कूटर चालू केली, मग व्हॅक्युम क्लीनर चालू केला. स्कूटर बंद पडली! पुन्हा चालू केली, पुन्हा बंद! हवा आत एवढ्या जोरात घुसत होती की पेट्रोल बिचारं दारातच अडकत होतं. शेवटी मी कार्ब्युरेटरला एक बारीक नळी जोडून पेट्रोलच्या मागेही हवेचा धक्का दिला, आणि काय सांगू! स्कूटर अशी डरकाळली की रोझारिओंनी छातीवर क्रूस काढला. मी गिअरचा विचारही न करता निघालो, स्कूटरला गिअर नसतातच म्हणा, आणि सुसाट गेलो. वायर संपेपर्यंत.

वायर संपली तिथे व्हॅक्युम क्लीनर थांबला, बोर्डाचा प्लग खिडकीतून उडी मारून बाहेर आला आणि रोझारिओंच्या घरातली वीज गेली. आतून त्यांच्या बायकोचा, यव्होनचा आवाज आला, "रोझी! ओव्हनमध्ये केक आहे!"

"ताकद तर आली ना!" रोझारिओ मला हळूच म्हणाले आणि घरात गेले. त्यानंतर दोन दिवस ते दिसले नाहीत.

मुलुंडपासून पवईपर्यंत वायर नेणं अवघड होतं. म्हणून मी चार्ज करायचा, बॅटरीवर चालणारा ब्लोअर मागवला. धूळ उडवायला मिळतो ना, तो. तो पुढच्या बास्केटखाली बसवला, हवा ओढायचं तोंड रस्त्याकडे. तिथून वॉशिंग मशीनचा पाइप पायांजवळून, सीटच्या कडेने मागे एअर फिल्टरला. आणि हँडलला सायकलचा ब्रेक लावला. ब्रेक दाबला की तार ओढली जाते आणि ब्लोअर सुरू! रोझारिओंना मागे बसवून पार्किंगच्या उतारावरून उलट वर चढून दाखवलं. ते उतरले आणि म्हणाले, "यज्ञेश, तू विम्यात फुकट गेलास." हे वाक्य ऐकायला मी आयुष्यभर थांबलो होतो. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

उत्तरा हे सगळं खिडकीतून बघायची. एकदा चहा घेऊन खाली आली. "एवढी धडपड करतोयस?"

"तुझ्यासाठीच गं!"

तिने कप स्कूटरच्या सीटवर ठेवला. मग म्हणाली, "चहा गार होतोय."

दसऱ्याची सकाळ उजाडली. आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा उत्तरा करते. मी वर शर्टाला इस्त्री करत होतो, म्हणून माझं लक्ष नव्हतं, आणि घात झाला तो तिथेच. तिने स्कूटर धुतली, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मग ती नवीन यंत्राकडे वळली. आपल्याकडे घरात कुठलंही नवीन यंत्र आलं की त्याची पूजा होते, मग तो मिक्सर असो की लॅपटॉप. तिने ब्लोअरच्या उघड्या तोंडाला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या. मनापासून वाहिल्या, मूठमूठ! वर झेंडूची भरगच्च माळ बरोबर त्या तोंडावर बांधली. मी खाली आलो तर इतकी सुंदर सजलेली स्कूटर बघून मला गहिवरूनच आलं. झेंडूच्या आड काय दडलंय ते दिसलं नाही.

उत्तरा आईची जुनी साडी नेसली होती, पांढरी, ठसठशीत लाल काठांची. वर हेल्मेट. आम्ही निघालो. भांडुप गेलं, कांजूर गेलं. पवईचा तलाव आला. ब्लोअरच्या ब्रेकला मी अजून हातही लावला नव्हता. चढ समोर आला, स्कूटर खोकली.

"उतरू का?" उत्तराने सवयीने विचारलं.

"आज नाही! घट्ट धर!"

आणि मी ब्रेक दाबला!

सुरुवातीला खरंच वेग वाढला, याला उत्तरा साक्षी आहे. मग समोरची माळ सर्रकन आत गेली. ब्लोअरने झेंडूची पार चटणी केली आणि हळद, कुंकू, अक्षतांसकट मागे ढकलली. एअर फिल्टर तुंबला. इंजिनाचा श्वास कोंडला, ते गचके देत बंद पडलं. पण ब्लोअर बंद होईना, कारण माळेचा दोरा तारेला गुंडाळला होता! हवा पाइपात साठत गेली, साठत गेली, आणि सीटच्या कडेचा जोड निसटला. फाट्!

"यज्ञेऽऽश!"

मी मागे वळून बघितलं. मागे बायको नव्हती, केशरी ढग होता. पाइप थेट तिच्या हेल्मेटच्या उघड्या काचेत झेंडू ओतत होता! मी पटकन उतरून ब्लोअरची बॅटरी काढली. ढग खाली बसला. उत्तराने हेल्मेट काढलं. कपाळ, गाल, नाक, सगळं लालभडक, मध्येमध्ये पिवळं, भुवयांवर तांदूळ.

आता ती ओरडणार, म्हणून मी डोळे मिटले. तेवढ्यात बाजूच्या मांडवातून ढाकाचा, म्हणजे बंगाली ढोलाचा, आवाज आला. पवईत बंगाली लोकांची मोठी दुर्गापूजा असते, आणि दशमीला त्यांच्या बायका एकमेकींना सिंदूर लावून खेळतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. लाल काठाच्या पांढऱ्या साड्यांतल्या, लाल तोंडांच्या बायकांचा घोळका रस्त्यावर आला. त्यांनी उत्तराकडे बघितलं. लाल काठ, पांढरी साडी, लाल तोंड!

"अरे दीदी, आप यहाँ क्या कर रही हैं? चलिए, चलिए!"

"नाही हो, मी..."

कोण ऐकतंय? दोघींनी दोन हात धरले आणि माझी बायको मांडवात गेली!

मी चढावर बंद स्कूटर धरून उभा राहिलो. येणारेजाणारे थांबून बघत होते. एकाने विचारलं, "काय, विसर्जन का?" मी मान डोलावली. हरलो होतो. स्कूटर जाणार, उत्तराचं मन मोडणार, आणि मोडणारा मी. वाटलं, विम्यातच बरा होतो.

पुष्कळ वेळाने उत्तरा आली. आधीपेक्षा दुप्पट लाल! एका हातात संदेश, ती बंगाली मिठाई, दुसऱ्या हातात शंख. आणि ती हसत होती. इतकी हसत होती की तिला बोलता येईना. तिला असं खळखळून हसताना मी किती दिवसांत बघितलं नव्हतं, तेही मला आठवेना.

"त्यांनी मला शंख फुंकायला लावला रे!" ती म्हणाली. "चल, ढकलू या."

दोघं स्कूटर ढकलत चढ चढायला लागलो. निम्म्यावर मी म्हणालो, "सॉरी गं. तुझी स्कूटर वाचवू शकलो नाही."

ती थांबली. "एक विचारू? खरं सांगशील? तुला ही खरंच ठेवायची होती?"

"मला? मला कशाला? माझी कंबर गेलीय हिच्यावर! मला तर मुकुलची गाडी हवीय. एसी आहे तिला. पण तुझ्या पहिल्या पगाराची..."

"अरे देवा!" तिने कपाळावर हात मारला, हातही लाल झाला. "मी केव्हाच विकली असती. पण तू जगाला सांगत सुटतोस, बायकोच्या पहिल्या पगाराची, आणि तुझा चेहरा असा काही उजळतो की मी कुठल्या तोंडाने सांगू, मला नको म्हणून?"

एवढी वर्षं ती माझ्यासाठी मागे बसली होती, आणि मी तिच्यासाठी पुढे! मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडं रडूही आलं. मी संदेशाचा अर्धा तुकडा तिला भरवला, अर्धा तिने मला. मग दोघं उरलेला चढ भराभर चढलो. वर गाडी होती, एसीची!

गेटपाशी मुकुल स्वतः उभा होता. मुकुलच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदाच बघत होतो.

"सोनं घे दादा," उत्तराने आपट्याचं पान पुढे केलं. "आम्ही हरलो. तुझं खरं झालं. ती गाडी आम्ही..."

"एक शब्द बोलू नकोस!" मुकुलने तिचे हात धरले. "मी वरून सगळं बघितलं. स्कूटर बंद पडली तरी सोडली नाहीत. असे रंगलेले, दमलेले, हसत हसत ढकलत वर आलात. मध्येच थांबून एकमेकांना मिठाई भरवलीत! किती प्रेम असावं एखाद्या वस्तूवर! आणि मी मूर्ख भंगार भंगार करत होतो."

"नाही रे दादा, ऐक ना..."

"माझी गाडी मी आत्ता, आत्ता फोन करून ऑफिसातल्या रतनला देऊन टाकली. म्हणजे विषयच संपला. आणि दसऱ्याची भेट म्हणून तुमच्या स्कूटरला मी नवंकोरं इंजिन बसवून देणार! अजून पंधरा वर्षं तुमच्या दारातून जायची नाही!"

"दादा, इतकं नको करूस," उत्तरा म्हणाली. इतक्या कळकळीने मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"गुणाची आहे माझी बहीण," मुकुल डोळे पुसत मला म्हणाला.

संध्याकाळी श्रीखंड-पुरी जेवून आम्ही परत निघालो. फिल्टर झटकल्यावर स्कूटर मुकाट्याने चालू झाली होती, आणि उतारावर तर ती विनातक्रार पळते. तलावापाशी तिने हेल्मेट माझ्या कानाजवळ आणलं.

"यज्ञेश, तो ब्लोअर टाकला नाहीस ना?"

"नाही. का गं?"

"नवीन इंजिन आलं ना, की त्यालाही बसव. पूजा मीच करते."