सिंधूवहिनींचा वांगी रंग

आमच्या सिंधूवहिनींसमोर जांभळ्या रंगाला ‘वांगी कलर’ म्हणायची सोय नाही. मोताळ्याच्या बाजारात एका दुकानदाराने तसली साडी उलगडली, तेव्हा वहिनींनी पिशवीतलं घरचं वांगं काढून त्याच्या गादीवर ठेवलं. भरताचं, हिरवंगार.

"हे काय हाये बे?"

"वांगं, मावशी."

"मंग वांगी कलर दाखव ना. हे जांभूळ कायले दाखोतं?"

धामणगाव बढ्याला आमच्या वावरात पिकतात ती वांगी हिरवीच. त्यामुळे वहिनींशी वाद घालायची सोय नाही. पुरावा त्यांच्या पिशवीत असतो.

एकदा पेंटरला दार वांगी रंगवायला सांगितलं. त्या बिचाऱ्याने जांभळं रंगवलं. वहिनींनी ते पुन्हा रंगवून घेतलं आणि वर त्याला भरीत-भाकर खाऊ घातली. दारानंतर पडदे आले, मग उशीचे अभ्रे, मग ब्लाउज. कोणी म्हटलं, "हिरवा शोभते तुम्हाले," की फणकारायच्या, "हिरवा कोन म्हन्ते? वांगी हाये!"

सगळे हसायचे. मीही. पण खरं सांगतो, तो रंग दारावरून सरकत सरकत त्यांच्या अंगाकडे येतोय, हे मला दिसत होतं. मी त्यांचा धाकटा दीर. दादा गेला त्या दिवशी बायकांनी त्यांच्या हातातला हिरवा चुडा फोडला, तेव्हा मी ओसरीवर उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यानंतर घरात कोणी त्यांना हिरवं म्हणून काही नेसू दिलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.

परवा माझ्या मुलीच्या लग्नाला कासारीण आली. बाकीच्या बायकांच्या बांगड्या भरून झाल्या. शेवटी वहिनी पुढे बसल्या.

"मले वांगी कलरच्या भर."

कासारणीने जांभळ्या काढल्या.

"ह्या नाही. त्या."

आमची आत्या म्हणाली, "सिंधू, त्या हिरव्या हायेत."

"वांगी हायेत."

पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशीसारखंच.

"हिरव्याच हायेत," मी म्हणालो. "हिरव्याच भरा. दोन्ही हातांत."

आत्या उठून आत गेली. जाऊ दे म्हटलं.

पहिली बांगडी मनगटावर चढेपर्यंत वहिनी मान खाली घालून होत्या. मग म्हणाल्या, "येवढं बोलाले लय येळ लावला, भाऊजी. वांगी म्हनू म्हनू जीभ झिजली माही."