दुपारी दोनचं सरकार

मुळगावात दुपारचं जेवण झाल्यापासून संध्याकाळचा चहा होईपर्यंत कुणी कुणाला फोन करत नाही. हा कायदा कुठे छापलेला नाही, पण तो मोडणाऱ्यांशी लोकांनी बोलणं टाकलेलं आहे. म्हणून त्या दिवशी दोनच्या सुमाराला फोन वाजला तेव्हा दारापुढच्या बाल्कांवावर, म्हणजे ओसरीवर, आरामखुर्चीत आडवे झालेल्या गोकुळदास गावस यांना आधी वाटलं, कुणीतरी गेलं.

"नमस्कार. मी आयकर खात्यातून वरिष्ठ वसुली अधिकारी वर्मा बोलतोय," पलीकडचा आवाज बातम्या वाचल्यासारख्या मराठीत म्हणाला. "आपल्याला त्रास तर दिला नाही ना?"

गोकुळदासांनी उभी हयात डिचोलीच्या एका कचेरीत काढली होती आणि ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी लगेच ताडलं, हा माणूस सरकारी असणं शक्य नाही. त्याने आपलं नाव आपणहून सांगितलं होतं. समोरच्याला त्रास होईल याची त्याला काळजी होती. आणि तो दुपारी दोन वाजता जागा होता.

वर्मा यांनी पुढचं सगळं रीतसर सांगितलं. गोकुळदासांच्या नावे मोठी करचुकवेगिरी सापडली आहे, अटकेचा हुकूम निघाला आहे, व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा, घरात कुणाला सांगायचं नाही आणि बँकेतली ठेव तपासणीसाठी ताबडतोब सरकारी खात्यात वळवायची.

घरात सांगायची गरज नव्हती. पुतणी सेजल शेजारीच पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, चहात बुडवून खात होती. तिने रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलं होतं आणि ती तुयेच्या औषध कारखान्यात गोळ्या तपासायच्या कामावर होती. ज्याची तपासणी झालेली नाही असं ती काहीही गिळत नसे. तिने फोनचा आवाज बंद केला.

"काका, हा चोर आहे. खातं फोनवर पैसे मागत नाही, ओटीपी विचारत नाही, व्हिडिओवर कुणाला अटक करत नाही. खरी नोटीस आली तर तिच्यावर क्रमांक असतो, तो आपण खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः तपासायचा. फोन कट करा आणि १९३० वर तक्रार करा."

"ता माका तुझ्याआधी कळला," गोकुळदास म्हणाले. "पण कट कसो करू? खात्याचो माणूस बोलूक गावलो, तो पयल्यांदाच."

त्याचं कारण असं होतं. कुठल्याशा टेबलावर कुणाचं तरी बोट घसरलं होतं आणि कर खात्याच्या दप्तरी गोकुळदास चार वर्षांचे झाले होते. दुरुस्तीचा अर्ज त्यांनी केला होता. उत्तर आलं, अर्जदार अज्ञान असल्याने पालकाची सही जोडावी. पालक वारून जमाना झाला होता. पालकाचा मृत्यूचा दाखला जोडला, तेव्हा उत्तर आलं, मग दुसरा पालक नेमून घ्यावा. तोवर पॅन निष्क्रिय झालं आणि बँकेने ठेव मोडायला नकार दिला. ती ठेव देवकीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, गुडघ्यांसाठी होती. देवकी हल्ली अंगणाच्या पायऱ्या खेकड्यासारखी आडवी उतरत असे, आणि म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आणखी उशीर केलात तर तेवढंही जमणार नाही.

गोकुळदासांनी फोनचा आवाज पुन्हा चालू केला.

"साहेब, ठेव द्यायला माझी हरकत नाही. पण ती मोडतच नाही. तुमच्या खात्याप्रमाणे मी चार वर्षांचा आहे."

पलीकडे कागद उलटेसुलटे चाळल्याचा आवाज झाला.

"चार वर्षांच्या पोराला अटक कशी करणार ते तुम्हीच बघा," गोकुळदास मदतीच्या सुरात म्हणाले.

वर्मा यांनी जरा वेळ मागून घेतला. दुसऱ्या दिवशी, पुन्हा दुपारीच, त्यांचा फोन आला. ठेव मोकळी झाल्याशिवाय ती चोरता येणार नव्हती, आणि गोकुळदास वयात आल्याशिवाय ती मोकळी होणार नव्हती. तेव्हा वर्मा यांनी त्यांना वयात आणायचं ठरवलं होतं. सेजलने अटी घातल्या. जुन्या अर्जाचा क्रमांक मिळेल, बाकी काही नाही. कार्ड नाही, ओटीपी नाही, फोनवर कसलं ॲप घ्यायचं नाही. आणि ती आज रात्रीच तक्रार करणार.

"कर गो बाय, पण आधी माझा वर्ष बदलूंदे," काका म्हणाले. "मगे धर त्याका."

सेजलने काकीच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि तक्रार पुढे ढकलली. तिच्या शिक्षणात हे बसत नव्हतं, पण प्रयोग मध्येच थांबवणंही बसत नव्हतं.

वर्मा कामाला लागले. त्यांनी नियम वाचले, जे गोकुळदासांना उत्तरं पाठवणाऱ्यांपैकी कुणी वाचले नव्हते. रोज सकाळी खात्याला पत्र लिहिलं, खात्याच्या मदतक्रमांकावर तासन्‌तास वाट पाहिली. "आमचापण कुणी उचलत नाही हो," एकदा ते माणसासारख्या आवाजात म्हणाले. पण ते हटले नाहीत. पुढच्या पंधरवड्यात गोकुळदास एका रात्रीत चार वर्षांवरून चौसष्टाचे झाले, पॅन जिवंत झालं आणि बँकेने ठेव मोकळी केली.

ठरल्याप्रमाणे आता ठेव दवाखान्यात जायची आणि फोन कट व्हायचा. पण ही गोष्ट मुळगावात कळली होती.

सगुण दारात येऊन उभा राहिला. खाणी बंद पडल्या तेव्हा त्याने आपले चारही ट्रक विकले होते, पण खात्याच्या मते ते अजून खाणीची माती वाहत होते. "गोकुळदासबाब, तुमच्या त्या चोराकडे माझापण एक काम आसा मरे." त्याच्यामागे गंगा होती. तिचा नवरा वारला होता आणि त्याला समक्ष हजर राहण्याची नोटीस आली होती, दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी हजर न राहिल्याबद्दल ताशेरेही होते.

"तो चोर आहे हे ठाऊक आहे ना तुम्हाला?" सेजलने विचारलं.

"म्हणून तर इलंय," गंगा म्हणाली. "साव म्हणवणाऱ्यांकडे जाऊन बघितलंय मी."

वर्मा यांनी हिशेब केला असणार: अख्ख्या गावाच्या अडकलेल्या ठेवी. त्यांनी सगळी कामं घेतली. सगुणचे तीन ट्रक कागदावरून उतरले. गंगाच्या नवऱ्याला मयत म्हणून मान्यता मिळाली. मग अडवलपाल, लाटंबार्से, थेट पेडणे-चोपड्यापर्यंतचे लोक फोन करू लागले. वर्मा यांना एकट्याने झेपेना. त्यांनी माणसं नेमली. माणसं नेमल्यावर टेबलं आली, टेबलं आल्यावर फाइली या टेबलावरून त्या टेबलावर जाऊ लागल्या, आणि त्यावर लक्ष ठेवायला आणखी एक टेबल आलं.

एके दुपारी गोकुळदासांनी सगुणच्या चौथ्या ट्रकासाठी फोन लावला. आधी सतार वाजली. मग एक मुलगी म्हणाली, "साहेब जेवायला गेलेत. चारनंतर करा."

चारनंतर साहेब मीटिंगमध्ये होते. दुसऱ्या दिवशी वर्मा स्वतः बोलले, पण त्यांच्या मराठीतल्या बातम्या संपल्या होत्या.

"ट्रकाचं मला विचारू नका, ते टेबल आता माझ्याकडे नाही. आणि ही काय फोन करायची वेळ आहे? लोकांना दुपारी पडायचं असतं, एवढंही कळत नाही?"

गोकुळदास आरामखुर्चीत ताठ बसले. त्यांचे डोळे भरून आले.

"सेजल," ते हळूच म्हणाले, "हो माणूस खरो. आपण उगाच संशय घेतलो. सरकारी नोकराचो मी अपमान केलोय गो."

"काका, तो चोरच आहे. फक्त कंटाळलाय."

"चोर असो बोलना नाय. चोराक गिऱ्हाइकाची गरज आसता."

सेजलने सगळे पुरावे पुन्हा मांडले. ते बिनतोड होते, पण दुसऱ्या बाजूला नोकरीचा उभा जन्म होता. करचुकवेगिरीचा तो जुना आरोप गोकुळदासांना आता टोचू लागला. इतक्या उर्मट माणसाने केलेला आरोप खोटा कसा असेल? सोमवारी जेवण होताच त्यांनी बँकेचं ॲप उघडलं, वर्मा यांनी पहिल्या दिवशी पाठवलेला खातेक्रमांक घातला, पुढे ठेवीची सगळी रक्कम घातली. ओटीपी आला. तो आपण न घालता साहेबांना कळवायचा, असा वर्मा यांचा पहिल्या दिवसाचा हुकूम होता, म्हणून त्यांनी फोन लावला.

सतार वाजली. "ओटीपी चारनंतर स्वीकारले जातील," मुलगी म्हणाली.

"तोपर्यंत तो मरेल गो."

"मग नवीन काढा. आणि तसा अर्ज द्या."

मंगळवारी सर्व्हर बंद होता. बुधवारी ओटीपीचं टेबल रजेवर होतं. गोकुळदास रोज लाज वाटल्यासारखे नवीन ओटीपी काढत आणि तो हातात मरताना पाहत. चोरी करायला तिथे कुणाला सवड नव्हती.

गुरुवारी सेजल रजा काढून आली, आणि दुपारी, सतार वाजत असतानाच, देवकी आतून आडवी आडवी चालत आली. तिने नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"चला बँकेत. मगे म्हापशाक."

"अगो, वर्मासाहेब चार वाजता..."

"तुमचो वर्मा उठेपर्यंत माझे गुडघे बदलूनसुद्धा होतले."

सेजलने गाडी काढली. ठेवीची रक्कम त्या दुपारी दवाखान्यात जमा झाली आणि संध्याकाळी सेजलने तक्रार नोंदवली. वर्मा यांचा नंबर बंद झाला. गोकुळदासांनी त्या रात्री जेवण कमी केलं. सगुण आजही सेजलशी बोलत नाही. चौथा ट्रक त्याच्या नावावर कायमचा राहिला.

पुढे डिचोलीला फसवणूक जागृतीची सभा झाली. बोलणारी सेजल होती. देवकी सभागृहाच्या पायऱ्या समोर बघत, सरळ चढून आली आणि पहिल्या रांगेत बसली. सेजलने खोटा अधिकारी कसा ओळखावा ते सांगितलं, मग काकांची सगळी हकिगत सांगितली. सभा डोळे विस्फारून ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "काही शंका?"

मागून एक गृहस्थ उठले.

"त्या वर्मांचा नंबर मिळेल का? माझं एक काम अडकलंय."

सभागृहभर पेनं निघाली. नंबर बंद झालाय, आपणच तो बंद करवला, असं सेजलने सांगितल्यावर लोकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू गावातला एकमेव डॉक्टर तिने पळवून लावला होता. पेनं पुन्हा खिशात गेली.

तक्रारीचा नंबर सुरुवातीपासून तिच्यामागे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. तो कुणीच उतरवून घेतला नाही.

वर या गोष्टीतही तो एकदा येऊन गेला आहे. न पाहता सांगा बघू.