गुप्त ग्राहकास मानधन परवडते काय?

कोणी बघत नसताना माणूस कसा वागतो, यावरून त्याची पारख करावी, हे सर्वमान्य आहे. अडचण इतकीच, की कोणी बघत नसताना तो कसा वागतो हे कळायला कोणीतरी बघावं लागतं. ही अडचण कित्येक शतकं तशीच पडून होती. अखेर मोटारगाड्या विकणाऱ्या कंपन्यांनी ती सोडवली. त्यांनी बघायला एक माणूस नेमला, त्याला गिऱ्हाईक म्हणून शोरूममध्ये पाठवलं, आणि तो परत आल्यावर त्याच्याकडून एकशेबारा प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. या माणसाला मिस्ट्री शॉपर म्हणतात. आपण गुप्त ग्राहक म्हणू. (आमची ही सोंगाड्या म्हणते. तिचं म्हणणं पुढे येणारच आहे, ते टाळता येत नाही.)

मी गेली दोन वर्षं गुप्त ग्राहक आहे. त्याआधी एकतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे तराजू तपासणं हे माझं काम. एकतीस वर्षांत मी एका ग्रॅमने चुकणारा तराजूसुद्धा सोडला नाही, आणि एकतीस वर्षांत एकाही दुकानदाराने मला बसायला खुर्ची दिली नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा असा माझा अंदाज आहे. निवृत्त झाल्यावर पहिले तीन महिने मी घर तपासलं. डबे, झाकणं, गॅसची ज्योत, दूधवाल्याचं माप, हिची फोनवर बोलण्याची वेळ, सगळं. चौथ्या महिन्यात हिने वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवली आणि म्हणाली, "जा, लोकांना तपासा."

लोक मला विचारतात, मानधन परवडतं का? मी आकडेवारीनेच उत्तर देतो. एका भेटीचं मानधन म्हणजे दोन माणसांचं बाहेरचं साधं जेवण, गोड न मागवता. एका भेटीला जाऊन येऊन आणि फॉर्म भरून सात तास लागतात. भागाकार केला तर शोरूमबाहेर काचा पुसणारा माणूस माझ्यापेक्षा जास्त कमावतो. पण हा हिशोबच चुकीचा आहे, कारण त्यात इतर लाभ धरलेले नाहीत. एक, खुर्ची मिळते, आणि तीही फिरती. दोन, चहा की कॉफी असं विचारतात. तीन, सलग दोन तास एक माणूस आपलं सगळं बोलणं मान डोलावत ऐकतो आणि मधेच उठून कुकर बंद करायला जात नाही. निवृत्त पुरुषाच्या आयुष्यात या तिसऱ्या लाभाची किंमत काढायला मला अजून कोणी सापडलेलं नाही.

तर ही हकीकत माझ्या चौदाव्या भेटीची. (ती तुम्हाला सांगणं नियमबाह्य आहे. गोपनीयतेच्या कागदावर माझी सही आहे. पण त्या कागदात पत्नी, नातेवाईक, मित्र आणि शेजारी यांचा उल्लेख आहे, वाचकांचा नाही.)

गाडी कंपन्यांना गुप्त ग्राहक पुरवणाऱ्या आमच्या एजन्सीने मला भूमिका क्रमांक सात दिली होती: 'निवृत्त, सुस्थितीत, निर्णयास उत्सुक, पत्नीचा विरोध नाही.' शेवटचा भाग वाचून ही बराच वेळ हसत होती. एजन्सीच्या मार्गदर्शिकेतला मुख्य नियम असा, की विक्रेत्यासमोर काहीही लिहून घ्यायचं नाही. लिहायचं असेल तर स्वच्छतागृहात जाऊन लिहायचं. माणसाची स्मरणशक्ती साधारण वीस मिनिटं टिकते, असं एजन्सीचं संशोधन आहे. त्यामुळे दर वीस मिनिटांनी उठणं आलं.

मी शोरूममध्ये पाऊल ठेवल्यावर एकोणिसाव्या सेकंदाला विक्रेता समोर आला. (मर्यादा तीस सेकंद. पूर्ण गुण.) चाळिशीतला माणूस, टाय जरा आखूड, खांद्यावर पिवळं फडकं. गिऱ्हाईक बॉनेटला हात लावून पुढे गेलं की हा मागून बोटांचे ठसे पुसायचा, आणि तेही गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा बेताने. हसू: पूर्ण. (फॉर्मवर पूर्ण, अर्धे आणि नाही असे तीन प्रकार आहेत.) स्वतःचं नाव त्याने दोनदा सांगितलं. गाडी कोण चालवणार, सामान किती असतं, जिना चढताना गुडघे दुखतात का, सगळं विचारलं. साठाव्या प्रश्नापर्यंत त्याचा एकच गुण गेला होता, तो टायचा. मला मनापासून आनंद झाला. चांगलं काम बघितलं की मला आनंद होतो, फक्त नोकरीत तसे प्रसंग कमी आले.

मी चौथ्यांदा स्वच्छतागृहातून परत आलो, तर माझी खुर्ची जागेवर नव्हती. त्याने ती उचलून स्वच्छतागृहाच्या दाराजवळच्या टेबलाशी नेली होती. चहाचा कप मागे सारून पाण्याचा ग्लास पुढे ठेवला होता. मी बसल्यावर तो आवाज खाली आणून म्हणाला, "काका, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"कधीपासून आहे हा त्रास?"

मार्गदर्शिकेत या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. मी म्हणालो, "दोन वर्षं झाली." (हे खोटं नव्हतं. नोकरी धरून दोनच वर्षं झाली होती.)

"माझ्या वडिलांचंही असंच व्हायचं. अंगावर काढलं त्यांनी. तुम्ही नका काढू. लाजण्यासारखं काही नसतं हो यात." त्याने नव्या मॉडेलच्या माहितीपत्रकाच्या मागे एका डॉक्टरांचं नाव आणि पत्ता लिहून दिला. (प्रश्न ४४: माहितीपत्रक दिले काय? होय.)

मग त्याने हनुवटीने पलीकडे खूण केली. तिथे कोट घातलेले एक गृहस्थ गुडघ्यावर बसून टेपने डिकी मोजत होते. चार कर्मचारी त्यांच्याभोवती उभे होते. एकाच्या हातात बिस्किटं होती.

"तो कोटवाला दिसतो ना? गुप्त ग्राहक आहे तो."

"कशावरून?" मी विचारलं.

"खरं गिऱ्हाईक कधी टेप घेऊन येतं का? या महिन्यात तपासणी होणार, एवढं कळलं होतं आम्हाला. ऐंशीच्या खाली गुण आले की नोकरी गेली. मला मागच्या वेळी एक्याऐंशी होते. सकाळपासून दाराकडे डोळे लावून होतो, काका. पण तो दुसऱ्याकडे गेला, सुटलो बघा. आता तुमच्याशी जरा माणसासारखं बोलता येईल."

मी आश्चर्य दाखवलं. (मार्गदर्शिका, पान ९.)

आणि तो माझ्याशी माणसासारखं बोलला. त्याने माझ्या सध्याच्या गाडीबद्दल विचारलं. भूमिका क्रमांक सातनुसार मी 'वारंवार बंद पडते' असं सांगायला हवं होतं. पण त्याने इतक्या आपुलकीने विचारलं, की माझ्या तोंडून खरंच निघून गेलं: गाडी उत्तम आहे, फक्त डावीकडे वळताना खालून खडखड आवाज येतो. तो हसला. "सायलेन्सरची पट्टी सैल झालीय. दहा मिनिटांचं काम. आणखी पाच वर्षं चालेल तुमची गाडी. आणि खरं सांगू? ही नवी घेऊ नका. दिसते छान, पण मागची सीट पाठीचा खुळखुळा करते. काकूंना लांबच्या प्रवासाला बसवलंत, तर दोन दिवस तुमच्याशी बोलणार नाहीत."

हा दोष की सोय, हे मी विचारलं नाही. मी उठलो आणि पाचव्यांदा स्वच्छतागृहात गेलो. तो काळजीने बघत राहिला.

प्रश्न ७१ असा आहे: 'विक्रेत्याने उत्पादनाविरुद्ध अथवा खरेदीविरुद्ध मत व्यक्त केले काय?' होय म्हटलं की पंधरा गुण वजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणकावर फॉर्म भरायला बसलो. बाकीचे एकशेअकरा प्रश्न भरून झाले. मग दोन्ही बेरजा करून पाहिल्या. ७१ ला 'नाही' लिहिलं तर अठ्ठ्याऐंशी. 'होय' लिहिलं तर त्र्याहत्तर. पुन्हा करून पाहिल्या. तेवढ्यात फोन वाजला आणि हिने उचलला. ती बराच वेळ नुसतं "हो", "बरं", "अगंबाई" असं म्हणत होती. फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हाला कसला त्रास आहे?"

"मला? काही नाही."

"शोरूममधून फोन होता. डॉक्टरांकडे गेलात का, विचारत होता. त्यांच्याशी बोलून ठेवलंय म्हणे त्याने, रांगेत बसावं लागणार नाही."

(प्रश्न १०९: विक्रेत्याने चोवीस तासांत दूरध्वनी केला काय? होय. त्यात गाडीचा उल्लेख केला काय? नाही. हे मी पुन्हा उघडून भरलं. अर्धा गुण गेला. बेरीज साडेसत्त्याऐंशी किंवा साडेबाहत्तर.)

मग हिला सगळं सांगावं लागलं. (गोपनीयतेचा भंग, पहिला.) ऐकून घेऊन ती म्हणाली, "मग लिहा की 'नाही' म्हणून. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"तुम्हाला कळलं तर काय होईल?"

याचं उत्तर मार्गदर्शिकेत नव्हतं. मी तिला समजावलं, की तराजू चांगल्या दुकानदाराचा आहे म्हणून त्याला एक ग्रॅम माफ होत नाही. ती म्हणाली, "तो तराजू नाहीये. एका माणसाने तुम्हाला खरं सांगितलं, आणि तुम्ही त्याची चुगली करताय."

मी तिची चूक तिथल्या तिथे दुरुस्त केली. "चुगली फुकट करतात," मी म्हणालो. "मानधन मिळालं की त्याला निरीक्षण म्हणतात." ही व्याख्या मला तेव्हा फार पटली होती.

तरी मी एक प्रयत्न केला. फॉर्मच्या शेवटी 'इतर अभिप्राय' नावाची लहानशी चौकट असते. तिथे मी लिहिलं: 'विक्रेता माणूस म्हणून चांगला आहे.' चौकट लाल झाली. खाली सूचना आली: 'या वाक्यात मोजण्याजोगी माहिती आढळली नाही.' मी लिहिलं: 'फार चांगला आहे.' चौकट लालच राहिली. वाक्य पुसल्यावर ती पुन्हा पांढरी झाली. मग मी ७१ समोर 'होय' वर खूण केली आणि फॉर्म पाठवून दिला. त्यानंतर मी अर्धा तास गॅलरीत उभा होतो. मला वाईट वाटत होतं. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे हे वाईट वाटणं आहे हे ओळखायलाच थोडा वेळ गेला.

पुढची माहिती संक्षेपाने देतो. मानधन आठव्या दिवशी जमा झालं. सायलेन्सरची पट्टीच सैल होती, गॅरेजवाल्याने दहा मिनिटांत आवळून दिली. हिने मला ओढत डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत साखर निघाली. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. कोटवाले गृहस्थ खरोखरचे गिऱ्हाईक निघाले. डिकीत त्यांची शिलाई मशीन मावली आणि त्यांनी गाडी घेतली.

तीन महिन्यांनी एजन्सीने मला त्याच शोरूममध्ये फेरतपासणीला पाठवलं. नवा विक्रेता होता. अकराव्या सेकंदाला आला, पूर्ण हसला, स्वतःचं नाव सहा वेळा म्हणाला. मागची सीट पाठीला कशी आहे असं विचारल्यावर म्हणाला, "सर, ही गाडी सगळ्यांनाच सूट होते." मी पाच वेळा स्वच्छतागृहात जाऊन आलो. माझी खुर्ची जागच्या जागी होती. त्याला सत्त्याण्णव गुण मिळाले.

जुना विक्रेता आता घरोघरी पार्सलं पोचवतो. मागच्या महिन्यात आमच्या दारातच भेटला. घामाघूम झाला होता, पण मला बघून त्याचा चेहरा उजळला. "काका! डॉक्टरांकडे गेलात ना?" मी हो म्हणालो. मग पार्सलवरचा पत्ता पुन्हा एकदा तपासला. ही आतून पाणी घेऊन आली. जाताना तो ओशाळून म्हणाला, "काकू, फोनवर तारे विचारतील. जमलं तर पाच द्या. सरासरी साडेचारच्या खाली गेली की काम बंद करतात." हिने माझा फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि पाच तारे दिले. (तो नऊ मिनिटं उशिरा आला होता. मी काही बोललो नाही.)

आता तुम्ही. इथपर्यंत वाचताना तुम्ही माझ्याबद्दल काय मत केलंत, याची मला कल्पना आहे. पण तो माणूस तुमच्याकडेही येऊन गेला आहे. लिफ्ट बंद होती, म्हणून जिन्याने आला. तुम्ही दार अर्धंच उघडलंत, खोका घेतलात, त्याच्या तोंडाकडे बघितलं नाहीत. दार लावल्यावर फोनने विचारलं, 'सेवा कशी वाटली?' तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत आणि अंगठ्याने तीन तारे दाबलेत.

मानधन परवडतं का, हा आपला मूळ प्रश्न होता. मला दोघांच्या जेवणाइतकं मिळालं, गोड न मागवता. तुम्हाला किती मिळालं? काहीच मिळालं नसेल, तर त्या कामाला काय म्हणतात ते मी हिला सांगितलेलंच आहे.