सव्वीस कागद

कामिलने चष्मा लावून स्टेजवर जायला साफ नकार दिला आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

"बावीस वर्षं बंडखोर गाणी म्हटली, आता काय नाकावर चष्मा घिऊन हुबा ऱ्हाऊ व्हय?" असं म्हणून त्याने नव्या गाण्याचे शब्द इतक्या मोठ्या अक्षरांत लिहून काढले, की एका कागदावर चारच मावले. एका गाण्याला सव्वीस कागद लागले.

'बंद करा' हा त्याचा बँड. हलगी, इलेक्ट्रिक गिटार आणि भरपूर ओरडणं. नावसुद्धा उसनं होतं. ज्या शेडमध्ये ते तालीम करत, तिच्या शेजारच्या आक्का पहिल्या दिवसापासून भिंतीवर लाटणं आपटून "बंद करा रे!" असं ओरडत आल्या होत्या. त्यांनी पोलिसांत तीन अर्ज दिले होते. त्यातल्या एकाला बँडने चालही लावली होती.

सुरुवातीच्या काळात 'उडी' हे गाणं सुरू झालं, की पोरं स्टेजवरून खालच्या गर्दीवर उड्या घेत. आता ती पोरं पंचेचाळिशीला टेकली होती. म्हणून कोल्हापुरातला हा कार्यक्रम रविवारी दुपारी चारला ठेवला होता आणि जाहिरातीत 'पाठ टेकायच्या खुर्च्यांची सोय' असं ठळक छापलं होतं. चौथा अर्ज टळावा म्हणून शार्दूलने आक्कांना पहिल्या रांगेचा पास दिला होता. शार्दूल गिटार वाजवायचा आणि एरवी बँकेत कर्जाचे अर्ज नाकारायचा, त्यामुळे अर्जाचं भय त्याला ठाऊक होतं.

कामिलला यंदा 'उडी' म्हणायचंच नव्हतं. त्याचे वडील लालासाब इचलकरंजीत चाळीस वर्षं यंत्रमागावर कामाला होते. माग भंगारात गेला, पण त्या खडखडाटात गेलेले कान काही परत आले नाहीत. म्हातारा घरात अजून ओरडूनच बोलायचा. त्याच्यावर कामिलने आयुष्यात पहिल्यांदा एक संथ, हळू आवाजातलं गाणं केलं होतं. आज म्हातारा पहिल्या रांगेत, आक्कांच्या शेजारी बसला होता. त्याने ते ऐकावं एवढंच कामिलला हवं होतं, आणि त्याचीच त्याला धास्ती वाटत होती.

सभागृहातल्या दमट गारव्याने हलगीचं कातडं सैल पडलं. हलगीवाला तोहिद ती शेकायला मागच्या आवारात गेला आणि पाच मिनिटांत खूश होऊन परत आला.

"बघ की, कशी कडक झालीया!"

कामिल इकडेतिकडे शोधत होता. "माझं कागद कुठं हायत? गिटारच्या पेटीवर ठेवल्यालं."

"ते व्हय?" तोहिदचा आवाज उतरला. "एकावर नुसतं 'घर गप झालं तरी'. मला वाटलं, बालवाडीतलं काय तरी असंल. बेस पेटलं पण."

"दुसरी प्रत?" शार्दूलने बँकेतल्या सवयीने विचारलं.

"न्हाय. वही घरीच ऱ्हायली."

"मग 'उडी' म्हणू या," तोहिद म्हणाला. "झोपंतबी येतंय ते."

"मेलो तरी म्हणणार न्हाय," कामिल म्हणाला आणि मोकळ्या हातांनी स्टेजवर गेला.

खालून एकच गजर झाला, "उडी! उडी!"

"न्हाय घेणार उडी!" कामिल माईकवर गरजला. "गुडघं माझंबी गेल्यात आन् तुमचंबी. ज्याला उडायचं हाय त्यानं दवाखान्याचं कार्ड दाखवावं. आज गप बसून ऐकायचं!"

लोक चिडले, पण बसले. खुर्च्या खरंच चांगल्या होत्या.

दोन कडवी नीट गेली. तिसऱ्याला कामिलचं डोकं कोरं झालं. शार्दूलने तेच सूर तीनदा फिरवले. मागून पुन्हा "उडी" सुरू झालं. कामिल जागचा हलला नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"'घर गप झालं तरी, बाप मागाशीच बोलतो!' म्हण की मुडद्या!" आक्का उभ्या राहिल्या होत्या. "सा म्हैनं भिंतीतनं आयकतिया मी. तुलाच येईना व्हय?"

कामिल म्हणू लागला. आक्का बावीस वर्षं कमावलेल्या आवाजात एकेक ओळ आधी ठणकावून सांगत होत्या आणि तो ती हळुवार गात होता. तोहिद मान खाली घालून हलगीवर नुसती बोटं फिरवत होता. 'उडी' म्हणणारे कधीच गप झाले होते.

एवढ्यात लालासाब काठी टेकत उठले. त्यांचे डोळे भरले होते.

"कामिल!" ते ओरडले. "माझ्यावर हाय न्हवं ह्ये गाणं? आक्कांचं समदं ऐकू येतंय मला. तूच मधी मधी काय पुटपुटतुयास? बंद कर की!"

बावीस वर्षांत कुणाच्याही सांगण्यावरून न थांबलेला कामिल थांबला. शेवटचं कडवं आक्कांनी म्हटलं.